कानामागची मंद वीज आणि पार्किन्सन्समध्ये जाणारा तोल

आपल्या भाषेत या तक्रारींसाठी शब्दांची कमतरता नाही. खोली फिरल्यासारखी वाटली की आपण गरगरतंय म्हणतो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे काळोख झाला की अंधारी आली म्हणतो. चालताना शरीर एका बाजूला ओढलं गेलं की झोक गेला म्हणतो, आणि पोटात ढवळून आलं की मळमळतंय म्हणतो. दवाखान्यात गेल्यावर मात्र हे सगळे शब्द मागे राहतात आणि तोंडातून एकच शब्द निघतो: चक्कर.

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाला हे फार महागात पडतं, कारण या चार तक्रारींची मुळं चार वेगळ्या जागी असतात. कानामागे दोन इलेक्ट्रोड लावून आतल्या कानाला मंद वीजप्रवाह देण्याच्या उपचाराबद्दल हल्ली वाचायला मिळतं. त्याने तोल सुधारतो, मळमळ थांबते, असं एका दमात सांगितलं जातं. त्यातलं कशाला आधार आहे आणि कशाला नाही, हे समजून घ्यायचं तर सुरुवात कानापासूनच करावी लागते.

तोलाचं इंद्रिय

कान म्हटलं की ऐकणं आठवतं. पण कवटीच्या हाडात खोलवर, ऐकण्याच्या शंखाला अगदी खेटून, तोलाचं इंद्रिय बसलेलं आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, एकमेकींशी साधारण काटकोनात, आणि त्यांत द्रव भरलेला आहे. पाण्याने भरलेलं भांडं गर्रकन फिरवलं तर भांडं लगेच फिरतं, पाणी क्षणभर मागे राहतं. नलिकेत तेच होतं. डोकं वळतं, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्याने एक लवचिक पडदा वाकतो. पडद्यात रुतलेले केशपेशींचे सूक्ष्म केस त्यासोबत वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं वळलं. नलिकांच्या शेजारी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका चिकट थरावर पसरलेले असतात. डोकं कललं की ते आपल्या वजनाने सरकतात, आणि 'खाली' म्हणजे कुठे हे मेंदूला समजतं.

इथून निघणारे चेतातंतू कधीच गप्प नसतात. डोकं पूर्ण स्थिर असतानाही ते सतत संदेश पाठवत राहतात. माकडांवरच्या मोजमापांत एकेका तंतूतून सेकंदाला ९०च्या आसपास स्पंदनं जाताना आढळली आहेत. डोकं उजवीकडे वळलं की उजव्या कानाची स्पंदनं वाढतात आणि डाव्या कानाची घटतात. मेंदू वाचतो तो या दोहोंतला फरक. विजेचं सगळं काम याच फरकाच्या आधारावर चालतं.

व्होल्टाच्या डोक्यातला हादरा

इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी बॅटरी तयार केली आणि मग तिचा प्रयोग स्वतःवर केला. दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्यांनी त्या बॅटरीला जोडल्या. डोक्यात हादरा बसला आणि काहीतरी घट्ट द्रव रटरट उकळत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मेंदूला इजा होईल या भीतीने त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला १८०० साली लिहिलेल्या पत्रात हे नोंदलेलं आहे. १८२०च्या सुमारास पुर्किन्ये या शास्त्रज्ञांनी लिहिलं की डोक्यातून असा प्रवाह गेला की तोल बिघडतो. १८७१ मध्ये हिट्झिग यांनी अशा प्रवाहाने शरीर झुकतं आणि डोळे ठरावीक लयीत हलतात हे तपशिलाने मांडलं. त्यापाठोपाठ ब्रॉयर, माख आणि क्रम ब्राऊन या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करत तोलाचं इंद्रिय आतल्या कानातच असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे ही कल्पना नवी मुळीच नाही. नवं आहे ते तिचा उपचारासाठी वापर करू पाहणं.

आज या पद्धतीला गॅल्व्हॅनिक व्हेस्टिब्युलर स्टिम्युलेशन म्हणतात, थोडक्यात जीव्हीएस. कानाच्या पाळीमागे हाताला लागणाऱ्या टणक हाडावर, दोन्ही बाजूंना, जेल लावलेले इलेक्ट्रोड चिकटवतात. प्रवाह अगदी कमी असतो, एक मिलिअँपिअरच्या आगेमागे. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. ऋण टोकाच्या बाजूचे तंतू जास्त स्पंदनं पाठवू लागतात, धन टोकाच्या बाजूचे कमी. केशपेशींना फारसं न विचारता वीज मुख्यतः तंतूशीच बोलते. मेंदूला मात्र वाटतं की डोकं ऋण टोकाकडे कलतंय. ते सावरायला तो शरीराला उलट बाजूला नेतो. म्हणून उजव्या कानामागे ऋण आणि डाव्या कानामागे धन टोक असेल, तर डोळे मिटून उभा असलेला माणूस डावीकडे झुकतो.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याच माणसाला मान वळवून हनुवटी खांद्याशी आणायला सांगितली आणि तोच प्रवाह पुन्हा दिला, तर तो आता बाजूला झुकत नाही, पुढे किंवा मागे झुकतो. कानाला मिळणारी वीज तीच आहे. पण मान वळली आहे हे मेंदूला मानेच्या स्नायूंकडून कळलेलं असतं, आणि कानाच्या संदेशाचा अर्थ तो त्यानुसार नव्याने लावतो. तोल कानात राहत नाही. कान फक्त बातमी देतो. निर्णय होतो आत, मेंदूत.

पार्किन्सन्समध्ये नेमकं काय बिघडतं

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा हातांच्या कंपाइतकंच त्यांचं लक्ष पुढे वाकलेल्या शरीराकडे आणि धावत सुटल्यासारख्या चालीकडे गेलं होतं. या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. लेव्होडोपाची गोळी तो तुटवडा भरून काढते, आणि हालचालींतली मंदता, ताठरपणा, बऱ्याच जणांत कंपही कमी होतो. तोल मात्र गोळीला तितकासा दाद देत नाही. कुटुंबीयांना हे समजत नाही आणि त्यांची निराशा होते: हात सैल झाले, चेहरा हसू लागला, मग अजून पडतात कशा?

याचं एक कारण असं की तोलाचा कारभार केवळ डोपामिनवर चालत नाही. मेंदूच्या खोडात असेटिलकोलिन हे दुसरं संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या पेशींचे समूह आहेत. चालणं आणि उभं राहणं यांत त्यांचा हात असतो. पार्किन्सन्समध्ये त्याही झिजतात, आणि त्यांची झीज जास्त असलेले रुग्ण जास्त पडतात असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. आतल्या कानाचे संदेशही याच भागातून जातात.

दुसरं कारण समजायला तीन साक्षीदारांची कल्पना करा. शरीर कुठे आहे याची साक्ष डोळे देतात, तळपाय आणि सांधे देतात, आणि आतला कान देतो. निरोगी मेंदू दर क्षणाला ठरवतो की आता कोणाचं जास्त ऐकायचं. अंधारात डोळ्यांचं कमी, मऊ गादीवर तळपायांचं कमी. पार्किन्सन्समध्ये ही जुळवाजुळव सुस्तावते. रुग्ण डोळ्यांवर जास्त विसंबू लागतो, म्हणून रात्री दिवा न लावता उठल्यावर तो भेलकांडतो. कानाची तपासणी केली तर ती बऱ्याचदा ठीकच येते, काही रुग्णांत कानाशी जोडलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया थोड्या मंदावलेल्या दिसतात. साक्षीदार बोलतोय, पण ऐकून घेणारा गोंधळलेला आहे.

यात तिसरी गोष्ट मिसळते. समजा मेंदूला वेळेत कळलंही की आपण मागे पडतोय. सावरायला जे मोठं, चपळ पाऊल मागे टाकायला हवं, ते पार्किन्सन्समध्ये लहान पडतं किंवा उशिरा पडतं. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाच्या मागे उभं राहून त्याला खांद्यांना धरून झटकन मागे ओढतात, ती चाचणी याचसाठी असते. रुग्ण एक-दोन पावलांत सावरतो की लाकडाच्या ओंडक्यासारखा मागे येतो, ते त्यांना पाहायचं असतं. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या पाहण्या एकत्र केल्या तर त्यांतले साधारण ६० टक्के लोक पाहणीच्या काळात निदान एकदा पडलेले आढळतात. त्यांतले बरेच वारंवार पडतात.

मग कान ठीक असताना कानाला वीज का द्यायची? कारण कान हे मेंदूच्या खोडात शिरायचं सोपं दार आहे. कवटी न उघडता, कानामागून, तोलाच्या जाळ्यापर्यंत पोचता येतं. बिघडलेला भाग दुरुस्त करायचा म्हणून कोणी कानाकडे वळलेलं नाही, रस्ता तिथून जातो म्हणून वळलंय.

गोंगाटाने ऐकू येतं ते कसं

एका बाजूला ढकलणारा स्थिर प्रवाह तोल सुधारायला फारसा उपयोगी नाही. तो तर उलट ढकलतो. (शरीर कायम पुढे किंवा एका अंगाला वाकलेल्या काही रुग्णांत मात्र अशा ढकलण्याचा फायदा घेऊन पाहिला गेला आहे. जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात उत्तेजनानंतर पुढचा वाक काहीसा कमी झाल्याची नोंद आहे.) म्हणून संशोधकांचं जास्त लक्ष गेलं ते अनियमित प्रवाहाकडे. हा प्रवाह क्षणात इकडे, क्षणात तिकडे, कसल्याही लयीविना बदलतो, आणि इतका मंद ठेवतात की अंगावर असल्याचं रुग्णाला कळतही नाही. त्याला नॉइझी जीव्हीएस म्हणतात, म्हणजे गोंगाटाची वीज.

गोंगाटाने तोल सुधारेल हे ऐकायला विचित्र वाटतं. एक लहान मूल भिंतीपलीकडे पाहू बघतंय असं समजा. भिंत त्याच्या डोळ्यांपेक्षा चार बोटं उंच आहे. नुसतं उभं राहिलं तर त्याला काहीच दिसत नाही. ते जागच्या जागी उड्या मारायला लागलं, तर तुकड्यातुकड्यांनी पलीकडचं दिसू लागतं. उड्यांना काही अर्थ नाही, त्या नेमक्या कधी माराव्यात असा हिशेब नाही, तरी त्यांच्यामुळे दिसतं. चेतातंतूंचंही असंच असतं. ठरावीक उंबरठा ओलांडला तरच ते संदेश पाठवतात. शरीराचा हलकासा झोक उंबरठ्याच्या किंचित खाली राहिला तर मेंदूला त्याची बातमीच पोचत नाही. त्यात थोडा गोंगाट मिसळला की तो कमकुवत संदेश अधूनमधून उंबरठा ओलांडतो. भौतिकशास्त्रात याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात, आणि ही कल्पना १९८१ मध्ये हिमयुगं ठरावीक काळाने का येतात हे समजावताना मांडली गेली होती. तळपायांखाली न जाणवणारी थरथर देणारे बुटातले तळवे हाही याच कल्पनेवरचा प्रयोग. उड्या फार उंच आणि बेफाम झाल्या तर मुलाला पुन्हा काही दिसणार नाही. गोंगाटाचंही तसंच. त्याची योग्य मात्रा माणसागणिक वेगळी निघते, आणि ती शोधणं ही या उपचारातली एक खरी अडचण आहे.

प्रयोगांत काय दिसलं

२००५ मध्ये जपानमधल्या गटाने पार्किन्सन्स आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी या जवळच्या आजाराच्या रुग्णांना २४ तास अशी गोंगाटाची वीज दिली. धडाच्या हालचाली आणि हृदयाच्या ठोक्यांची लवचिकता, दोन्हींत फरक दिसला. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या गटाने दहा रुग्णांवर केलेलं काम मला जास्त बोलकं वाटतं, कारण त्यांनी तीच माणसं लेव्होडोपा असताना आणि नसताना, खरी वीज आणि नकली वीज, अशी चारही प्रकारे तपासली. मागे ढकलल्यावर सावरण्याची क्रिया विजेमुळे सुधारली, आणि तीही विशेषतः औषधाचा असर उतरलेला असताना. कानात आळीपाळीने गरम आणि थंड तापमान देऊन तोलाच्या इंद्रियाला जागं करण्याचाही एक मार्ग आहे. त्यात वीज नसते. हेडफोनसारखं ते उपकरण रुग्णाने घरी दिवसातून दोनदा वापरायचं असतं. ब्रिटनमधून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नकली उपकरणाच्या तुलनेत हालचालींच्या आणि इतरही तक्रारींत सुधारणा नोंदवली गेली.

(तापमानाचा हा मार्ग जुना आहे. रॉबर्ट बारानी यांना त्यावरच्या कामासाठी १९१४चं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की गरम झालेला द्रव वर चढतो आणि थंड झालेला खाली उतरतो, त्यामुळे नलिकेत प्रवाह सुरू होतो. १९८३ मध्ये अंतराळात, जिथे वर-खाली असं काही उरतच नाही, स्पेसलॅबमध्ये हा प्रयोग केला, तेव्हाही डोळे हलले. म्हणजे बारानी यांचं स्पष्टीकरण खरं असलं तरी पुरतं नाही.)

मी या संशोधनाकडे आशेने पाहतो. तरीही तीन गोष्टी मनात ठेवल्याशिवाय ते वाचू नये असं मला ठामपणे वाटतं.

पहिली, तोल मोजण्याची पद्धत. बहुतेक प्रयोगांत रुग्णाला दाब मोजणाऱ्या पट्टीवर उभं करतात आणि शरीर किती डोलतं ते पाहतात. डोलणं कमी झालं की तोल सुधारला असं लिहिलं जातं. पण पार्किन्सन्सचे काही रुग्ण निरोगी माणसापेक्षाही कमी डोलतात, कारण शरीर ताठ झालेलं असतं. ते ओंडक्यासारखे स्थिर उभे असतात आणि ओंडक्यासारखेच पडतात. म्हणून पट्टीवरच्या आकड्यापेक्षा 'सहा महिन्यांत किती वेळा पडलात?' हा प्रश्न कितीतरी मोलाचा. तो विचारायला पुष्कळ रुग्ण लागतात, बरेच महिने लागतात, आणि छोट्या प्रयोगशाळेला हे दोन्ही परवडत नाही. तुलनेसाठी एक उदाहरण देतो. २०१२ मध्ये ताई-चीच्या व्यायामावर अमेरिकेत १९५ रुग्णांची चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणारे कमी पडले. अशी, खऱ्या पडण्याची मोजदाद विजेच्या बाजूला अजून व्हायला हवी.

दुसरी गोष्ट प्लासिबोची. उपचार मिळतोय या नुसत्या विश्वासाने बरं वाटणं सगळ्याच आजारांत असतं, पण पार्किन्सन्समध्ये ते विशेष जोरदार असतं. २००१ मध्ये स्कॅन करून दाखवलं गेलं की औषध म्हणून नुसतं खारं पाणी दिलं तरी या रुग्णांच्या मेंदूत खरोखरचं डोपामिन सुटतं. हा भ्रम नव्हे, मेंदूतला खरा बदल आहे. त्यामुळे नकली विजेच्या गटाशी तुलना न करता सांगितलेल्या अनुभवाला, तो कितीही मनापासून सांगितलेला असला, तरी मी पुरावा मानत नाही. न जाणवणाऱ्या गोंगाटाच्या विजेचा इथे एक फायदा होतो. त्वचेला मुंग्याच येत नसतील तर खरी वीज कोणाला मिळाली हे रुग्णाला ओळखता येत नाही, आणि तुलना प्रामाणिक होते.

तिसरी, काळ. काही मिनिटांच्या विजेने काही मिनिटं टिकणारा फरक पडला, यावरून वर्षभर रोज लावलं तर काय होईल ते सांगता येत नाही. मेंदूला सवय होईल की तो शिकेल, हे लांबच्या चाचण्याच ठरवतील.

आता मळमळ

इथे मात्र गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

गाडीत किंवा बोटीत मळमळतं तेव्हा त्यात आतल्या कानाचा सरळ हात असतो. कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात स्थिर आहोत, आणि दोन साक्षी जुळत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये बहिऱ्या-मुक्या व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना गरगर फिरवूनही भोवळ येत नाही असं आढळलं. ज्यांचं तोलाचं इंद्रियच निकामी असतं त्यांना बोट लागत नाही. म्हणून कानाला द्यायची वीज जर समोर दिसणाऱ्या हालचालीशी जुळवून दिली, तर ही विसंगती कमी होऊन मळमळ कमी व्हावी, हा विचार सयुक्तिक आहे, आणि सिम्युलेटरमध्ये बसणाऱ्यांवर त्याचे प्रयोगही झाले आहेत. न जुळवता जास्त वीज दिली तर तीच वीज मळमळ आणते, हेही लक्षात असू द्या.

पार्किन्सन्सच्या रुग्णाची मळमळ बहुधा या वाटेने येतच नाही. ती गोळीच्या वाटेने येते. लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूत व्हायला हवं, पण ते रक्तातच होऊ लागतं. मेंदूच्या खोडात उलटीचं नियंत्रण करणारी एक छोटी जागा आहे. रक्तातली विषं ओळखणं हे तिचं काम, म्हणून तिथे मेंदूचं नेहमीचं संरक्षक आवरण सैल असतं. रक्तातलं डोपामिन तिथे पोचतं आणि मळमळ सुरू होते. १९६०च्या दशकात लेव्होडोपा पहिल्यांदा मोठ्या मात्रेत दिलं जाऊ लागलं, तेव्हा उलट्यांनी रुग्ण हैराण होत. मग त्यासोबत कार्बिडोपा द्यायला लागले. ते मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही. या जोडगोळीच्या सायनेमेट या नावातच ही गोष्ट दडली आहे: लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे विना आणि ग्रीकमध्ये 'एमेसिस' म्हणजे उलटी. कार्बिडोपाही पुरेसं लागतं, दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम. अगदी कमी मात्रेने औषध सुरू करणाऱ्यांच्या वाट्याला ते कधीकधी कमी येतं आणि मळमळ होते. अशा वेळी डॉक्टर जास्तीचं कार्बिडोपा देऊ शकतात, गोळी थोडं काही खाऊन घ्यायला सांगतात, मात्रा सावकाश वाढवतात.

मळमळीची दुसरी वाट पोटाची. या आजारात जठराला चालवणाऱ्या चेतातंतूंवरही परिणाम होतो, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट लवकर भरल्यासारखं होतं. त्याने गोळीही जठरात अडकून राहते आणि तिचा असर उशिरा सुरू होतो.

या दोन्ही मळमळींचं मूळ कानात नाही. म्हणून गोळीनंतर येणाऱ्या मळमळीवर कानामागच्या विजेचा उतारा शोधण्यात मला तथ्य दिसत नाही. गोळीची वेळ, मात्रा आणि सोबतचं औषध पाहण्यात ते आहे.

इथे सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट औषधांचीच आहे. मळमळीवर आणि चक्करवर सर्रास दिली जाणारी काही औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही त्यांतली ठळक नावं. चक्करवर दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनही त्याच पंक्तीतली. निरोगी माणसालाही त्यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, मग ज्याचं डोपामिन आधीच कमी आहे त्याचं काय होत असेल! रुग्ण 'चक्कर' म्हणतो, घाईत यांपैकी एक गोळी लिहून मिळते, पाय आणखी जड होतात, आणि आजार बळावला असं सगळे समजतात. डोमपेरिडोन सहसा मेंदूत शिरत नाही, म्हणून पार्किन्सन्समध्ये ते चालतं. पण त्याने हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा तेही डॉक्टरांनी ईसीजी आणि बाकीची औषधं पाहूनच द्यायचं असतं.

अंधारी आणि गरगर

उभं राहताना अंधारी येत असेल तर रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांत मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिथे कारण सापडलं. पार्किन्सन्समध्ये आणि त्याच्या औषधांनी हे वारंवार होतं.

आणि अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद सगळं गरगरत असेल, तर बहुधा कानाच्या पिशवीतले तेच बारीक स्फटिक सुटून नलिकेत गेलेले असतात. हा त्रास वाढत्या वयात कोणालाही होतो, पार्किन्सन्सच्या रुग्णालाही होतो, आणि त्याच्यात तो आजाराच्या नावाखाली दबून जातो. जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागेवर आणतात. एपली मॅन्युव्हर नावाच्या या कृतीला काही मिनिटं लागतात. आतल्या कानाचा खराखुरा, हमखास सापडणारा आणि बहुतेकदा बरा होणारा बिघाड तो हा. विजेचा विचार करण्याआधी तो तपासून घ्यावा.

उपकरण घ्यायचं मनात असेल तर

कानाशी जोडलेली दोन वेगळी उपकरणं लोक एकच समजतात. बाहेरच्या कानाच्या खोलगट भागाला चिमट्यासारखं लावायचं ते व्हेगस नावाच्या चेतातंतूसाठी असतं. तो तंतू पोटाशी आणि हृदयाशी बोलतो, त्याची एक फांदी कानाच्या त्वचेत येते. पार्किन्सन्समध्ये त्याचाही अभ्यास चालू आहे, पण तोलाच्या इंद्रियाशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीत नुसतं 'कानाची वीज' लिहिलं असेल, तर दोहोंतलं कोणतं ते आधी विचारा.

डीबीएसची (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची) शस्त्रक्रिया झालेल्या, पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असलेल्या, फिट येणाऱ्या रुग्णांना अशा चाचण्यांत सहसा घेत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे: शरीरातल्या यंत्राजवळून जाणारा प्रवाह काय करेल याची खात्री नसते. स्थिर प्रवाह बराच वेळ दिला तर इलेक्ट्रोडखालची त्वचा लाल होते, भाजूही शकते. घरी तारा जोडून हे करून पाहणं धोक्याचं आहे, आणि तोल जाणाऱ्या माणसाने उभ्याने करणं तर दुप्पट धोक्याचं, कारण ही वीज मुळात माणसाला झुकवणारीच आहे. चाचणीत भाग घेता येत असेल तर जरूर घ्यावा. तिथे मात्रा मोजलेली असते, पकडायला शेजारी माणूस उभा असतो, आणि तुमच्या अनुभवाची नोंद पुढच्या रुग्णाच्या कामी येते.

न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाताना आठवडाभराची एक साधी वही सोबत न्या. गोळी किती वाजता घेतली, तक्रार किती वाजता आली, तेव्हा काय चाललं होतं: उठत होतात, वळत होतात, कूस बदलत होतात की नुसते बसला होतात. गरगरलं, अंधारी आली, झोक गेला की मळमळलं, ते त्याच शब्दांत लिहा. 'चक्कर' हा शब्द तेवढा त्या वहीत नको.